फ्रिजवरचा वीकली प्लॅनर बोर्ड: साडेतीन स्टार, आणि अर्धा का कापला तेही सांगते

शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस होते. रात्री दीडला जाग आली, डोक्यात एकच वाक्य, धाकट्याच्या बुटांचं माप घेतलंच नाहीये. उठून मोबाइलमध्ये नोट टाकली, परत आडवी झाले तर आठवलं की फॉर्मवर फोटो चिकटवायचाय, मग वह्यांची कव्हरं, मग व्हॅनवाल्या काकांना नवीन टायमिंग विचारायचंय... उजाडेपर्यंत अकरा नोट्स झाल्या होत्या. त्याच तिरीमिरीत हा बोर्ड ऑर्डर केला.

वस्तू साधी आहे. साधारण ए-थ्री कागदाएवढा मॅग्नेटवाला पांढरा बोर्ड, सात दिवसांचे रकाने, खाली 'नोट्स'ची पट्टी, चार रंगांचे मार्कर आणि एक छोटं डस्टर जे दुसऱ्याच दिवशी हरवलं. घेण्याआधी एक करा, फ्रिजच्या दाराला साधं लोहचुंबक लावून बघा, कारण स्टीलच्या बऱ्याच फ्रिजना ते चिकटतच नाही. आमचं तेच झालं, बोर्ड लावला की सर्रकन खाली. शेवटी फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यावर लावला, तिथे मस्त बसला.

तर आता मुद्द्याचं. चौघांना चार रंग दिले, मला लाल, नवऱ्याला काळा, लेकीला हिरवा, धाकट्याला निळा. ज्याचं काम त्याच्या रंगात. पहिले तीन दिवस एवढं हलकं वाटलं ना की मी मैत्रिणींना बोर्डचे फोटो पाठवत सुटले. रात्रीची जाग खरंच कमी झाली, गोष्ट एकदा भिंतीवर गेली की ती डोक्यात धरून ठेवायची गरज राहत नाही.

पण आठवडा संपताना सहज लांबून बघितलं तर बोर्डाला गोवर आल्यासारखा दिसत होता, सगळीकडे लालच लाल. मधेमधे दोनचार हिरवे-निळे ठिपके आणि काळ्या रंगात एकच ओळ, 'गाडी सर्व्हिसिंग'. आणि जे हिरवं-निळं होतं ना, ते अक्षरही माझंच होतं! म्हणजे बोर्ड आणून मी स्वतःला अजून एक काम लावून घेतलं होतं, बोर्ड भरायचं.

नंतर यावर थोडं वाचलं. अ‍ॅलिसन डेमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून घरातल्या या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग केलेत. आधी काय लागेल ते ओळखणं, मग पर्याय शोधणं, मग ठरवणं आणि मग ते झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. त्यातलं ठरवणं बहुतेक दोघं मिळून होतं पण आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं जास्त करून बायकांवर पडतं. मी वाचताना नुसती मान हलवत होते. आमच्याकडे 'तू फक्त सांग, मी करतो' हे वाक्य फार प्रेमाने म्हटलं जातं, पण अहो सांगणं हेच तर काम आहे!

मग नियम केला, रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं सगळे बोर्डापुढे आणि मी मार्करला हात लावायचा नाही. पहिल्या रविवारी नवऱ्याने सोमवारच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं, 'शाळा'. जणू ते कुणी विसरणारच होतं. मी जीभ चावून गप्प बसले. मंगळवारी पीटीचे बूट राहिलेच, धाकटा साध्या बुटांत गेला आणि संध्याकाळी हसत परत आला, काही आकाश कोसळलं नाही. पुढच्या रविवारी त्याने स्वतःच मंगळवारात निळ्या रंगाने बूट काढला, होडीसारखा दिसत होता पण बूटच होता.

झोपेसाठी मात्र बोर्डचा अनपेक्षित फायदा झाला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते आणि तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १०. सुट्टीत आमच्याकडे सगळा कारभार मध्यरात्रीपर्यंत चाललेला. खालच्या पट्टीवर झोपायची वेळ लिहून दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घेत गेलो, त्यामुळे पहिल्या दिवशी सकाळी ओढून उठवायची वेळ आली नाही. लेक कुरकुरली, 'आई मी काय बाळ आहे का', पण वेळ तिच्याच हिरव्या रंगात तिनेच लिहिलेली, वाद कुणाशी घालणार.

आता तक्रारी. शाई जास्त दिवस राहिली की पुसल्यावर डाग उरतो. त्यावर त्याच मार्करने परत गिरवायचं आणि ओलं असतानाच पुसायचं, बरंचसं निघतं. मार्कर उभे ठेवायचे असतील तर टोक खाली, नाहीतर पंधरवड्यात फिके पडतात. मॅग्नेट चांगले आहेत. सगळ्यात मोठी चूक डिझाइनची, शनिवार-रविवार मिळून एकच अर्धा रकाना! अहो, ज्याने हा बोर्ड बनवला त्याच्या घरी शाळेत जाणारं पोर नसणार. आमचा खरा गोंधळ रविवारी रात्री नऊला सुरू होतो, जेव्हा कुणीतरी दप्तरातून चुरगळलेली सूचना काढतं आणि 'उद्या लागणारे' म्हणतं.

आणि हो, बोर्ड म्हणजे काही औषध नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या मुख्य डॉक्टरने, २०२४ मध्ये पालकांच्या ताणावर खास पत्रक काढलं, त्यात ४८ टक्के पालकांनी सांगितलं होतं की बहुतेक दिवशी ताण अगदी असह्य होतो, इतर मोठ्या माणसांत तेच प्रमाण २६ टक्के होतं. त्यामुळे झोप उडालीये, सारखं रडू येतंय, मुलांवर हात उठायला लागलाय असं असेल तर बोर्ड राहू दे, सरळ डॉक्टरांशी नाहीतर समुपदेशकाशी बोला.

बाकी ज्या घरात मार्कर एकाच्याच हातात राहणार आहे त्यांनी घेऊ नका, वही पुरेशी आहे. आमच्याकडे लाल मार्कर अजून भरलेला आहे आणि काळा गेल्या आठवड्यात संपला, नवा आणायचं काम बोर्डावर लिहिलंय, निळ्यात.