मीटर वाजला म्हणून बोर्ड गेलं असं नाही: ओव्हन दुरुस्तीत 520 डॉलरला बसलेला फटका

काल मंडळातल्या एका मैत्रिणीशी बोलताना कळलं की तिचा ओव्हन बंद पडलाय आणि उद्या अकरा वाजता माणूस येणार आहे. नंबर कुठून मिळाला म्हणून विचारलं, तर तोच नंबर, ज्यावरून आलेल्या माणसानं मला फसवलं होतं. अपॉइंटमेंट तिला तिथल्या तिथे रद्द करायला लावली. पण प्रत्येकीशी माझं वेळेवर बोलणं होईलच असं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. स्वयंपाकघरात इलेक्ट्रिक रेंज आहे: वर काचेखाली चार शेगड्या, खाली ओव्हन, मागे बटणांचं पॅनल. दिवाळी चार दिवसांवर आली होती. चिवड्याचे पातळ पोहे मी नेहमी ओव्हनमध्येच कुरकुरीत करते, 250 अंश फॅरनहाइटवर दोन ट्रे. पंधरा-वीस मिनिटं झाली आणि एकदम बीप, बीप, बीप. पॅनलवर ‘एफ 3’ असा बिघाडाचा कोड. बटण दाबलं की दोन मिनिटं गप्प, मग पुन्हा सुरू. शेगड्या मात्र व्यवस्थित तापत होत्या.

नवऱ्यानं ब्रेकर बंद करून मिनिटभरानं परत चालू केला. कोड गेला. ओव्हन लावला, पंधरा मिनिटं चालला आणि परत तेच. ही पंधरा मिनिटांची गोष्ट लक्षात ठेवा, सगळं रहस्य तिथेच होतं. ओव्हन थंड असताना चालतो आणि मागची बाजू तापली की कोड येतो, म्हणजे उष्णतेनं काहीतरी सुटतंय. प्रामाणिक कारागिरानं पहिला प्रश्न हाच विचारला असता.

मी घाईत रेंजच्या कंपनीचं नाव आणि ‘सर्व्हिस’ असं शोधलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो फिरवला. ती जाहिरात होती. तिचा कंपनीशी काही संबंध नव्हता, पण फोन उचलणाऱ्यानं कंपनीचं नाव घेऊनच बोलायला सुरुवात केली. खरा नंबर माझ्या हाताशी होता: ओव्हनचं दार उघडलं की चौकटीवर मॉडेल नंबरची पट्टी दिसते. ती पट्टी आणि सोबत आलेलं पुस्तक, एवढं बघून कंपनीच्या स्वतःच्या साइटवर गेले असते तरी पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी माणूस आला. स्वच्छ गणवेश, गोड बोलणं. त्यानं रेंज पुढे ओढली, मागे वाकून दोन-तीन मिनिटं काहीतरी केलं, मग वरचं झाकण थोडं उचलून वीज तपासायच्या मीटरच्या दोन काड्या आत लावल्या. मीटर ‘पीऽऽ’ असा वाजला. मला म्हणाला, “ऐकलंत? बोर्ड शॉर्ट झालंय. ओव्हन चालवणारं मेन कंट्रोल बोर्ड गेलंय, बदलावंच लागेल. चालवत राहिलात तर आग लागू शकते.”

आग म्हटल्यावर माझे हातपाय गळाले. घरात सासूबाई आल्या होत्या, फराळ अर्धा राहिला होता. बोर्डाचे 385, मजुरी 175, एकूण 560. “झेलनं आत्ता दिलेत तर 520 करतो, बोर्ड माझ्या गाडीतच आहे.” झेल म्हणजे फोनवरून थेट बँक खात्यातून पैसे पाठवायची सोय. मी पैसे पाठवले. तो खोकं घेऊन आला, मला म्हणाला, “ताई, करंट आहे, जरा लांब थांबा.” वीस मिनिटांत काम झालं. ओव्हन चालला. मी त्याला चहा आणि चकली दिली, हे आठवलं की अजून जिवाला लागतं.

बरोबर नऊ दिवसांनी पुन्हा ‘एफ 3’. फोन लावला तर आधी रिंग वाजत राहिली, नंतर लागेचना.

मग आमच्या मंडळातले एक काका आले. आयुष्यभर एसी आणि फ्रिजची कामं केलेला माणूस. त्यांनी आधी ब्रेकर बंद केला आणि मला बजावलं, “ही 240 व्होल्टची लाइन आहे. पॅनलवर ओव्हन बंद दिसत असला तरी मागे वीज असते. तू हात लावायचा नाहीस.” मग खालचा ड्रॉवर काढला. आत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. कारागिरांसाठीचा तक्ता कंपनी रेंजमध्येच ठेवते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. कोडचे अर्थ कंपनीप्रमाणे, मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून नेटवरचा अर्थ न बघता आपल्या रेंजमधला कागद बघायचा. आमच्या कागदावर ‘एफ 3’समोर लिहिलं होतं: ओव्हनच्या तापमान सेन्सरचं सर्किट तुटलेलं. पुढची सूचना होती, आधी सेन्सर आणि त्याची वायर तपासा. बोर्डाचं नाव त्यानंतर.

सेन्सर म्हणजे ओव्हनच्या आतल्या मागच्या भिंतीवर दोन स्क्रूंनी बसवलेली पेन्सिलीसारखी बारीक नळी. तापमान वाढलं की तिचा विजेला होणारा रोध (तो ओहममध्ये मोजतात) वाढतो आणि त्यावरून बोर्डाला आतली उष्णता कळते. साध्या खोलीच्या तापमानाला साधारण 1080 ते 1100 ओहम यायला हवेत. काकांनी मोजलं, 1091. सेन्सर ठणठणीत. मग त्यांनी बोर्डाकडच्या टोकाला मोजत मोजत मागची वायर हलवली. आकडा आला, गेला, आला, गेला. रेंजच्या मागे सेन्सरची वायर जिथे जोडली जाते, तो पांढरा प्लास्टिकचा कनेक्टर एका बाजूनं तपकिरी होऊन वितळला होता आणि आतली पिन सैल झाली होती. तापलं की ती सुटायची, थंड झाली की टेकायची.

आता त्या माणसाच्या दोन-तीन मिनिटांचा अर्थ लागला. त्यानं मागे वाकून कनेक्टर घट्ट दाबला होता, आणि त्यावर माझा ओव्हन नऊ दिवस चालला.

आणि बोर्ड? काकांनी मागचं झाकण काढून मला टॉर्चच्या उजेडात दाखवलं. बोर्डावर मऊ, राखाडी धुळीचा सलग थर होता, एकाही बोटाची खूण नाही. कोपऱ्यातल्या स्टिकरवर बनावटीचं वर्ष 2014. आमची रेंज 2015 सालची. नऊ दिवसांपूर्वी बसवलेल्या बोर्डावर दहा वर्षांची धूळ कुठून येणार? त्यानं बोर्डाला स्पर्शही केला नव्हता. मग काकांनी मीटरच्या काड्या एका धडधाकट वायरच्या दोन टोकांना लावल्या. ‘पीऽऽ’. “जोड सलग असला की हा वाजतोच गं. वाजणं म्हणजे बिघाड नव्हे. कुठे मोजलं, किती आलं आणि किती यायला हवं होतं, हे तीन आकडे विचारायचे.”

जळका कनेक्टर त्यांनी कापून टाकला आणि उष्णता सोसणाऱ्या चिनी मातीच्या टोप्या घालून वायरी जोडल्या. सेन्सरही नवाच घातला, कारण त्या टोप्या त्याच्याबरोबरच आल्या. एकूण खर्च 27 डॉलर. चार महिने झाले, कोड आलेला नाही.

पैशांचं काय झालं, तर काही नाही. बँकेनं सांगितलं, झेलनं तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्हाला परत आणता येणार नाहीत. क्रेडिट कार्डावर दिले असते तर बिल आल्यापासून 60 दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. म्हणूनच तो ‘सवलत’ देऊन झेलवर ओढत होता. छोट्या रकमांचे दावे चालवणाऱ्या स्मॉल क्लेम्स कोर्टात जायचं तर ज्याच्यावर दावा करायचा त्याचं नाव-पत्ता हवा. पावतीवर नुसता फोन नंबर.

कॅलिफोर्नियात घरगुती उपकरणं दुरुस्त करणाऱ्याला राज्याच्या ब्युरो ऑफ हाउसहोल्ड गुड्स अँड सर्व्हिसेसकडे नोंदणी करावी लागते, आणि ती नोंदणी ऑनलाइन तपासता येते. कामाआधी लेखी अंदाज द्यावा लागतो. काढलेला जुना भाग मागितला तर परत द्यावा लागतो, वॉरंटीत कंपनीकडे पाठवायचा असेल तेवढा सोडून. मी “जुनं बोर्ड इथेच ठेवून जा” एवढं वाक्य बोलले असते, तर त्याच्याकडे ठेवायला काही नव्हतंच! त्याची नोंदणी मी नंतर शोधली. सापडली नाही. ब्युरोकडे तक्रार केली आहे, पावती आणि धुळीनं भरलेल्या बोर्डाचे फोटो जोडले आहेत. अजून उत्तर नाही.

मैत्रिणीच्या ओव्हनवर ‘एफ 7’ येतोय. शनिवारी काका आणि मी तिच्याकडे जाणार आहोत. ड्रॉवरमागचा कागद तिला आजच शोधून ठेवायला सांगितलाय.