तुटलेले स्टड आणि न उतरवलेले हेड: नाशिकमधील एका गॅरेजचा अनुभव

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणारा नळ्यांचा भाग) जागी धरून ठेवणारा स्टड, म्हणजे आटे असलेला दांडा, हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) तुटला की गाडीमालक गॅरेजवाल्याच्या पूर्णपणे हाती सापडतो, कारण ते काम पत्र्याच्या उष्णतारोधक आवरणाआड चालते आणि संपल्यावर पुन्हा त्याच आवरणाखाली झाकले जाते. आमच्याकडून अशाच कामाचे २७,४०० रुपये घेण्यात आले आणि ते काम मुळात झालेच नव्हते. नाशिकमध्ये जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला हे कळावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमची गाडी पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची आणि बरीच जुनी आहे. सकाळी इंजिन सुरू केले की टक-टक असा आवाज येत असे आणि गंगापूर रोडवरून मुंबई नाक्यापर्यंत पोहोचेतो तो बंद होत असे. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधून धूर गळत असल्याचे हे नेहमीचे लक्षण आहे; धातू तापून प्रसरण पावला की फट मिटते आणि आवाज थांबतो. मॅनिफोल्ड बिडाचे आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे दोन्ही सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. हा ताण दोन्ही टोकांच्या स्टडवर सर्वाधिक येतो, आणि वर्षानुवर्षे तापून गंजलेले ते स्टड बहुतेक वेळा आधी तुटतात.

महामार्गालगतच्या एका गॅरेजच्या मालकाने गाडी पाहून सांगितले, "साहेब, दोन स्टड आतच मोडलेत. हेड उतरवून मशीन शॉपला पाठवल्याशिवाय इलाज नाही." हे ऐकायला खोटे वाटत नाही, आणि काही वेळा ते खरेही असते. त्याने बिलात हेड उतरवणे-बसवणे, हेड गॅस्केट (हेडखालची गळती रोखणारी चकती), फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट करणे), हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) आणि नवीन कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) अशी कलमे लावली. आधी तो साध्या कागदावर आकडा लिहून देत होता; आम्ही पक्क्या बिलाचा आग्रह धरला, आणि पुढे तेच बिल आमच्या कामी आले.

गाडी परत आली तेव्हा आवाज बंद होता. थोड्याच दिवसांत तो पुन्हा सुरू झाला आणि या वेळी गाडीच्या आतही धुराचा वास येऊ लागला. ही गोष्ट कोणीही अंगावर काढू नये, कारण या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःचा वास किंवा रंग नसतो. गॅरेजवाल्याने "गॅस्केट बसायला वेळ लागतो" असे उत्तर दिल्यावर आम्ही गाडी अंबडच्या बाजूला एका अनुभवी मिस्त्रींकडे नेली. कारखान्याच्या टूलरूममध्ये हयात घालवलेल्या या काकांनी आमच्यासमोरच आवरण काढले.

टोकाच्या दोन्ही जागी बोल्टचे नवे, चकचकीत माथे दिसत होते. काकांनी त्यातील एकाला नुसता बोटांनी पीळ दिला आणि तो माथा हातात आला. त्याखाली जेमतेम बोटाच्या पेराएवढा कापलेला तुकडा होता, त्याला करड्या एपॉक्सी पुटीचा जळून भुकटी झालेला थर चिकटला होता आणि त्यामागे हेडमध्ये जुना मोडका स्टड जसाच्या तसा होता. जिथे तापमान कित्येकशे अंशांपर्यंत चढते, तिथे साधी पुटी टिकणे शक्यच नव्हते. गाडी ताब्यात देण्यापुरती गळती लपावी, एवढाच तिचा उपयोग होता.

त्यानंतर काकांनी दाखवलेल्या खुणा प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. हेड उतरवायचे तर कूलंट काढावेच लागते. आमच्या कूलंटच्या टाकीत मात्र जुने, गंजाने तांबूस झालेले पाणीच होते. हेडवरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या कडेला साचलेला तेलकट मळ अखंड होता आणि त्याच्या स्क्रूंवर पाना लागल्याची एकही ताजी खूण नव्हती. याचा अर्थ हेडला कोणी हातच लावलेला नव्हता.

खरी दुरुस्ती हेड जागेवर ठेवूनच झाली. जो स्टड थोडासा बाहेर डोकावत होता, त्यावर काकांनी नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग केले. त्या उष्णतेने गंजाची पकड सुटली आणि नट हळूहळू मागे-पुढे फिरवत त्यांनी स्टड सबंध बाहेर काढला. दुसरा आत बुडालेला होता. त्याच्या बरोबर मध्यावर पंच मारून त्यांनी आधी बारीक आणि मग मोठे ड्रिल चालवले, आणि खराब झालेल्या आट्यांच्या जागी हेलिकॉइल बसवले. इझी-आउट (मोडका स्टड उलटा फिरवून काढण्याचे अवजार) वापरण्याचे त्यांनी मुद्दाम टाळले, कारण ते कडक पोलादाचे असते, आत मोडले तर साध्या ड्रिलने कापले जात नाही आणि मग खरोखरच हेड उतरवून विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या स्पार्क मशीनवर न्यावे लागते. नवे स्टड आणि गॅस्केट धरून सगळा खर्च ३,२०० रुपये झाला.

म्हणून कोणी हेड उतरवायला सांगितले, तर आधी आवरण काढून तुटलेला स्टड प्रत्यक्ष दाखवायला सांगावे आणि त्याचा फोटो घ्यावा. हेड उतरवलेले असताना स्वतः जाऊन पाहावे. फेसिंग दुसरीकडे केले असेल तर त्या मशीन शॉपचे बिल मागावे, आणि जुने हेड गॅस्केट व काढलेले स्टड परत घेतल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत. प्रामाणिक कारागिराला यातील एकाही गोष्टीची अडचण वाटत नाही.

आम्ही ते कापलेले तुकडे, फोटो, पक्के बिल आणि काकांनी लिहून दिलेला अभिप्राय जपून ठेवला आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून गॅरेजला लेखी नोटीस पाठवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि एवढ्या लहान रकमेच्या दाव्याला शुल्क लागत नाही. नोटिशीची मुदत संपताच आम्ही तो अर्ज दाखल करणार आहोत.