मेनिएरची चक्कर: जेंटामायसिनचं इंजेक्शन की लॅबिरिंथेक्टॉमी?

मेनिएर हा आतल्या कानाचा आजार; त्यात गरगरणाऱ्या चकरेचे झटके येतात. मीठ कमी केलं, गोळ्या झाल्या, कानात स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली, तरी झटके थांबत नाहीत, तेव्हाच हा प्रश्न समोर उभा राहतो. मी आधी जेंटामायसिन हे अँटिबायोटिक कानात घेतलं आणि नंतर लॅबिरिंथेक्टॉमी, म्हणजे आतल्या कानातला तोलाचा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, करून घेतली. अनुभव माझ्या एका कानाचा आहे, तेवढाच धरून वाचा.

इंजेक्शन करून घ्यायला सोपं. पडदा बधिर करून बारीक सुईने औषध मधल्या कानात सोडतात. मग कान वर करून अर्धा तास निपचित पडायचं, शक्यतो थुंकीही गिळायची नाही, आणि घरी जायचं. हे औषध तोल सांभाळणाऱ्या पेशी निकामी करतं. किती करेल, हे मात्र आधी सांगता येत नाही. परिणाम काही दिवसांनी जाणवू लागतो: डोकं वळवलं की नजर मागे रेंगाळते, चालताना एका बाजूला झोक जातो. त्यातून सावरत आलो की पुन्हा झटका यायचा, कारण काही पेशी शिल्लक असायच्या. मग पुन्हा इंजेक्शन, पुन्हा तोच झोक, पुन्हा पहिल्यापासून सावरणं.

मला नेमकं हेच सोसवेना. एका कानाचा तोल कायमचा गेला तर मेंदू जमवून घेतो. आज एक, उद्या दुसरं सांगणाऱ्या कानाशी त्याला जमवून घेता येत नाही. आणि झटक्याइतकीच त्याची धास्ती छळायची. कानात दडा बसला की हातातलं काम टाकून आधी टेकायला जागा शोधायची. पुष्कळदा पुढे काहीच व्हायचं नाही, पण तो दिवस गेलेलाच असायचा. अनेकांचं इंजेक्शनवरच भागतं, हे मान्य. माझं भागलं नाही.

लॅबिरिंथेक्टॉमीत कानामागच्या हाडातून जाऊन तिन्ही अर्धवर्तुळाकार नलिका आणि तोलाच्या संवेदी पेशी काढून टाकतात. पूर्ण भूल लागते आणि त्या कानाने ऐकणं कायमचं संपतं. पहिले काही दिवस खरोखर वाईट असतात. डोळे आपसूक चांगल्या कानाच्या दिशेने झटके घेत राहतात, उलट्या होतात, आधाराशिवाय उभं राहवत नाही. पण ही चक्कर एकाच दिशेने जाते: कमी होत. हात लांब करून अंगठ्यावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची, हा व्यायाम मी कंटाळा येईपर्यंत केला. अंधारात आणि खडबडीत वाटेवर अजून जपून चालतो. झटका मात्र पुन्हा आलेला नाही.

ऐकणं गमावल्याचं दुःख मला फारसं झालं नाही, कारण त्या कानात शब्द कळतच नव्हते. एकच स्वर दोन पट्ट्यांत ऐकू यायचा आणि भांडं पडलं तरी कळ उठायची. तुमचा कान अजून संभाषण पकडत असेल तर माझा कौल तुमच्यासाठी नाही. इंजेक्शननेही ऐकणं घटू शकतं, पण तिथे ते टिकण्याची शक्यता तरी असते. तोलाची नस कापण्याच्या शस्त्रक्रियेत ऐकणं बहुधा टिकतं, पण त्यासाठी कवटी उघडावी लागते. एंडोलिम्फॅटिक सॅकची (आतल्या कानातल्या द्रवाशी जोडलेल्या छोट्या पिशवीची) शस्त्रक्रिया सौम्य आहे, पण 1981 मध्ये डॅनिश डॉक्टरांनी सॅकला हात न लावता नुसतं कानामागचं हाड कोरून तिची तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांना जवळपास सारखंच बरं वाटलं. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. माझा तिच्यावर भरवसा बसला नाही.

आजार पुढे दुसऱ्या कानातही उतरू शकतो. म्हणून त्या कानाच्या तोलाच्या तपासण्या आधी नीट करून घ्या. दोन्हीकडचा तोल गेला तर चालताना नजरेसमोरचं सगळं हिंदकळतं, आणि तिथे मेंदूही फारशी मदत करू शकत नाही. कानातला गुंजारव शस्त्रक्रियेनंतरही राहू शकतो; माझा राहिला आहे. कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे संकेत देणाऱ्या यंत्राचा, विचार असेल तर सर्जनशी आधीच बोला. ऐकण्याची नस शाबूत राहते, पण नंतर कॉक्लिआत, म्हणजे आतल्या कानातल्या ऐकण्याच्या शंखाकृती भागात, हाड भरू लागलं तर इम्प्लांट बसवणं अवघड होतं.