‘स्फुरद मोकळा करणाऱ्या’ गोण्यांची विक्री: आमच्या गावातील फसवणूक

गेल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर ‘मोफत माती परीक्षण’ असा फलक लावलेली एक गाडी आमच्या शिवारात आली आणि बऱ्याच शेतकऱ्यांना ‘स्फुरद मोकळा करणारे’, म्हणजे मातीत अडकलेला फॉस्फरस पिकाला मिळवून देणारे, दाणेदार खत विकून निघून गेली. आमच्या घरीही चौदाशे रुपयांना एक, अशा बारा गोण्या उतरल्या. हीच मंडळी आता शेजारच्या तालुक्यात फिरत असल्याचे कानावर आल्यामुळे त्यांची रीत सविस्तर लिहीत आहे.

त्यांचे निम्मे बोलणे खरे असते आणि खरा धोका तिथेच आहे. आमची काळी जमीन चुनखडीची असून तिचा सामू (पीएच) आठच्या वर आहे. अशा जमिनीत डीएपी किंवा सुपर फॉस्फेट या खतांमधला स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि पहिल्या पिकाला त्यातला साधारण 15 ते 20 टक्केच लागू पडतो. उरलेला बहुतांश जमिनीतच साठून राहतो. म्हणूनच ‘तुमचा पैसा मातीत अडकला आहे’ हे वाक्य शेतकऱ्याला लगेच पटते.

त्यानंतर चिमूटभर माती काचेच्या नळीत पाण्यात कालवून, वरच्या निवळ पाण्यात औषधाचे थेंब टाकले गेले. निळा रंग आला तर स्फुरद आहे, असे आधीच सांगून ठेवले होते; रंग आला नाही. निळ्या रंगाची कसोटी खोटी नाही, प्रयोगशाळेतही तीच वापरतात. पण तिथे अशा जमिनीची माती आधी सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अर्धा तास हलवून गाळतात, मग रंग आणून तो यंत्रावर मोजतात. नुसत्या पाण्यात चुनखडीच्या मातीतला स्फुरद अगदीच थोडा उतरतो, त्यामुळे नळी कोरी राहणार हे ठरलेलेच होते.

संशय आला तो त्यांनी दिलेले आमच्या तिन्ही रानांचे छापील अहवाल शेजारी शेजारी ठेवल्यावर. विहिरीजवळच्या उसाच्या रानाला लागणीपासून खोडव्यापर्यंत (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस) वर्षानुवर्षे डीएपी पडत आले आहे. माळाकडच्या जिरायत, म्हणजे पावसावरच्या, तुकड्यात तूर आणि ज्वारी असते, खत बेताचेच. सोयाबीन-हरभऱ्याचे रान या दोन्हींच्या मधले. तरीही तिन्हींत उपलब्ध स्फुरद हेक्टरी 6 किलोच दाखवला होता आणि चुलत्यांच्या अहवालातही तोच आकडा होता. ऊस, कांदा, द्राक्षे यांच्या रानात भरपूर खतामुळे साठा वाढत जातो, तर तूर आणि हरभरा यांची मुळे सेंद्रिय आम्ले सोडून बांधलेला स्फुरद काही प्रमाणात स्वतःच सोडवून घेतात. इतक्या वेगळ्या पीक पद्धतींचा आकडा एकच येणे शक्य नाही. त्याच रानांचे नमुने सरकारी प्रयोगशाळेत दिले, तेव्हा उसाच्या रानाचा स्फुरद 35 किलोच्या पुढे, म्हणजे ‘अत्यंत जास्त’ वर्गात निघाला. ‘कमी’ होता तो फक्त जिरायत तुकड्याचा. उसाच्या रानात आणखी स्फुरद ओतला असता तर जस्ताची कमतरताच वाढली असती.

मूठभर दाणे रात्रभर पाण्यात ठेवले, तर सकाळी तळाशी चिकण माती आणि वर काळे पाणी उरले. गोणीवर घटकांचे प्रमाण, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता यांपैकी काहीही नव्हते. 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार गोणीवर अशी माहिती छापणे बंधनकारक आहे. स्फुरद विरघळवणारे जिवाणू खत खरोखर मिळते, पण ते इतके महाग नसते आणि दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम पुरते.

पैसे रोख घेतले आणि पावती म्हणून कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला. आम्ही लेखी तक्रार केली आहे, पण पक्के बिल आणि विक्रेत्याचा परवाना क्रमांक नसल्यामुळे ती पुढे सरकलेली नाही. ज्यांच्याकडे अशा गोण्या असतील त्यांनी निदान एक गोणी शिवण न उसवता ठेवावी आणि गोणीचे फोटो व गाडीचा क्रमांक पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्जासोबत द्यावा.