नागपूर ते टोकियो: विमान-अंतराच्या गणकाचा नऊ महिन्यांचा अनुभव

मुलगी टोकियोला नोकरीला गेल्यापासून, म्हणजे गेले नऊ महिने, दोन शहरांमधील हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारे एक संकेतस्थळ मी वापरत आहे. आमचे गाव हिंगणघाटजवळ आणि विमानतळ नागपूरचा, म्हणून पहिल्या दिवशी नागपूर–टोकियो टाकले. उत्तर आले ६,०६३ किलोमीटर आणि ८ तास ५ मिनिटे. सकाळी निघालो तर रात्रीच्या जेवणाला लेकीकडे, असा हिशेब सौभाग्यवतींनी तिथेच मांडला. नागपूरहून टोकियोला थेट विमानच नाही, ही गोष्ट मात्र त्या पानावर कुठेही नव्हती.

अंतराबाबत तक्रार नाही. मी निवृत्त गणित शिक्षक असल्याने शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला. दिल्ली–टोकियोसाठी गणक ५,८६० किलोमीटर दाखवतो आणि दोराही जवळपास तेवढाच भरला. परंतु तो दोरा तिबेटवरून जात होता. विमानात हवेचा दाब अचानक घटला तर वैमानिकाला सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत झटपट खाली यावे लागते, आणि तिबेटच्या पठाराचीच सरासरी उंची साडेचार किलोमीटरच्या वर असल्याने विमाने सहसा ते टाळतात. नोव्हेंबरमध्ये आम्ही गेलो तेव्हा समोरच्या पडद्यावरची रेघ म्यानमार आणि दक्षिण चीनवरून वळसा घेत होती.

खरी खोट वेळेत आहे. अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचे आणि चढ-उताराचा अर्धा तास मिळवायचा, एवढेच गणकाचे गणित असल्याचे चार-पाच जोड्या तपासल्यावर कळले. त्यामुळे दिल्ली–टोकियो ७ तास ४९ मिनिटे आणि परतीचेही तितकेच. जाताना हा आकडा तंतोतंत जमला, म्हणून माझा विश्वास बसला; जानेवारीत परतताना मात्र विमानाने ९ तास ४० मिनिटे घेतली. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरचा वेगवान वारा हिवाळ्यात जपानवर फार जोर धरतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना छातीवर.

बाकी वेळ गणकाच्या कक्षेबाहेरचा आहे, त्याचा दोष मी देत नाही. सकाळी साडेनऊला घर सोडून, दिल्लीला विमान बदलून, टोकियोत उतरलो तेव्हा तिथे सव्वासात वाजले होते. आपल्याकडचे पावणेचार, म्हणजे सव्वाअठरा तास. साडेतीन तासांचा हा फरकही गणक निकालात दाखवत नाही, आणि लेकीला फोन लावताना आमची चूक हमखास तिथेच होते.

अंतरासाठी पाचपैकी पाच, वेळेसाठी दोन गुण. मुलगी पुढच्या डिसेंबरात येणार आहे; तिला आणायला नागपूरला जाणाऱ्या गाडीवाल्याला मी गणकाच्या आकड्यात दोन तास मिळवूनच वेळ सांगणार आहे.