मेकॅनिकल की टिश्यू : एओर्टिक झडप निवडताना

एओर्टिक झडप (हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी) बदलावी लागणार हे नक्की झाले की शल्यविशारद बहुधा रुग्णालाच विचारतात, मेकॅनिकल म्हणजे कृत्रिम द्रव्याची बसवायची की टिश्यूची म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून केलेली? साठी जवळ आली असताना मी टिश्यू झडप निवडली. माझे कारण सर्वांना लागू पडेलच असे नाही, तरी ते मांडावेसे वाटते.

आधी मृत्युदराविषयी. कॅलिफोर्नियातील १९९६ ते २०१३ या काळातील शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एओर्टिक झडप बदललेल्या ४५ ते ५४ वयाच्या रुग्णांमध्ये पंधरा वर्षांतील मृत्यूचे प्रमाण टिश्यू झडपेसह ३०.६ टक्के, तर मेकॅनिकलसह २६.४ टक्के होते. ५५ ते ६४ या वयोगटात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. मिट्रल झडपेच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील) बाबतीत मेकॅनिकलचा फायदा थेट सत्तरीपर्यंत टिकला. याच काळात तेथे टिश्यूच्या एओर्टिक झडपांचा वाटा ११.५ टक्क्यांवरून ५१.६ टक्क्यांवर गेला, परंतु एवढ्यावरून पन्नाशीच्या आतील रुग्णाने टिश्यूकडे वळणे मला धाडसाचे वाटते.

माझ्यापुरता निर्णय झाला तो आयएनआरमुळे, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आकड्यामुळे. मेकॅनिकल झडपेवर गुठळ्या होऊ नयेत म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि हा आकडा वरचेवर तपासावा लागतो. लहानपणीच्या सांधेज्वराने थोरल्या भावाची मिट्रल झडप निकामी झाली आणि त्याला मेकॅनिकल झडप बसवली गेली. तिच्यामुळेच तो आज आमच्यात आहे, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. पण ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी अर्धी की पाऊण, हे त्याच्या घरात दर तपासणीनंतर नव्याने ठरते. वहिनी कालनिर्णयच्या चौकोनात आयएनआरचा आकडा लिहून ठेवतात. हिवाळ्यात मेथी-पालक जास्त झाला की आकडा उतरतो, एखादे प्रतिजैविक घेतले की चढतो, आणि दाढ काढायची म्हटले तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे लागते. एकदा तर एकाच दिवशी दोन प्रयोगशाळांनी इतके वेगळे आकडे दिले, की त्या रात्री गोळी द्यावी की नाही हेच वहिनींना कळेना. तपासणीची गरज नसलेल्या नव्या गोळ्यांवर येथे भिस्त ठेवता येत नाही. त्यांपैकी डॅबिगट्रान या गोळीची मेकॅनिकल झडपांवरील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्याने थांबवावी लागली. झडपेच्या टिकटिकीचा जो बाऊ केला जातो, तिची भावाने कधी तक्रार केलेली नाही.

टिश्यू झडपेची उणी बाजूही लहान नाही. ती दहा-पंधरा वर्षांत, तरुण शरीरात त्याहून लवकर, खराब होऊ शकते आणि मग पुन्हा हस्तक्षेप अटळ ठरतो. त्या वेळी मांडीतील धमनीतून जुन्या झडपेच्या आत नवी झडप बसवता येणे शक्य असते, या भरवशावर मी हा धोका पत्करला. तुमचाही कल तिकडेच असेल, तर कोणत्या मापाची झडप बसेल हे शल्यविशारदांना आधीच विचारावे, कारण मूळ झडप फार लहान असल्यास आत बसवलेल्या दुसऱ्या झडपेतून रक्ताला पुरेशी वाट मिळत नाही.