तुरुंगातल्या आण्णांसाठी घेतलेली कमोड खुर्ची

कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याजवळच्या गल्लीतलं छोटं सर्जिकल दुकान. आमचे आण्णा शिक्षा भोगतायत. वय 68, गुडघे पार गेलेत, संडासला उकिडवं बसता येत नाही. तुरुंगातल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलो. मालकांनी ती वाचली, पण तोंड वाकडं केलं नाही. उलट म्हणाले, "चाकांची नको दादा, ओल्या फरशीवर घसरंल." मग चारी पायांचे रबरी बूट उपसून दाखवले. "पाइप पोकळ असतोय, गेटवर बघणारच. तुम्हीच काढून दाखवा." अगदी तसंच झालं! भारतीय भांड्यावर खुर्ची बरोबर बसते, उंची भोकातल्या बटणांनी कमीजास्त होते.

तक्रार म्हणजे दोन महिन्यांत एक बूट फाटला आणि सुटा मिळेना, चारचा सेटच घ्या म्हणे. वर दुपारी एक ते चार शटर खाली. भेटीच्या दिवशी लय पंचाईत.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या तुरुंगांना दिव्यांग कैद्यांसाठी रॅम्प आणि वापरता येतील असे संडास करायला सांगितलं, हे मालकांनीच सांगितलं. आण्णांनी त्या बातमीचं कात्रण मागितलंय, पुढच्या भेटीला नेणार.